मिशन रुग्णालयाची नोंदवही

वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्र शिकवत होतो तेव्हा एक काचपट्टी मी दरवर्षी विद्यार्थ्यांना हमखास दाखवत असे. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या-जांभळ्या पेशींची दाटी, आणि त्या दाटीत मधूनमधून फिकट, मोकळे ठिपके. पुस्तकात या दृश्याला 'तारांकित आकाश' म्हणतात. आजाराचे नाव बर्किटचा लिम्फोमा. परीक्षेत त्यावर दोन गुणांची टीप येई आणि उत्तरही ठरलेले असे : आफ्रिका, लहान मूल, जबड्याची गाठ, एपस्टाइन-बार विषाणू. विद्यार्थी एवढे लिहीत, मी गुण देई.

निवृत्तीनंतर वेळ मिळाला तसा या विषयावरचे जुने शोधनिबंध मुळातून वाचायला घेतले. १९६७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या एका निबंधाशी मी थांबलो. लेखक तिघे. त्यांपैकी पाइक हे संख्याशास्त्रज्ञ, राइट हे विकृतिशास्त्रज्ञ. त्यांची नावे ओळखीची होती. तिसरे नाव ई. एच. विल्यम्स. त्यांचा पत्ता कुठल्या विद्यापीठाचा नव्हता. तो होता कुलुवा हॉस्पिटल, अरुआ, युगांडा. नकाशात शोधले तर अरुआ हे युगांडाच्या वायव्य कोपऱ्यातले, काँगो आणि दक्षिण सुदानच्या सीमेलगतचे गाव, आणि कुलुवा हे त्याच्याजवळचे मिशनचे रुग्णालय. आडगावच्या मिशनरी डॉक्टरचे नाव कर्करोगाच्या संशोधनात कसे आले, या कुतूहलातून हा लेख झाला.

आणखी एक कारण आहे, ते शेवटी सांगतो.

एका डॉक्टरचा जिल्हा

'मिशनरी डॉक्टर' म्हटले की आपल्या वाचकाला मिरज आठवते. १८८९ साली हिंदुस्थानात आलेल्या विल्यम वान्लेस यांनी तिथे उभे केलेले रुग्णालय, त्याच्या शस्त्रक्रियांची दूरवर पसरलेली ख्याती, आणि तिथे धर्माचा प्रचार किती नि उपचार किती हा वाद, हे सारे आपल्या परिचयाचे आहे. पूर्व आफ्रिकेतली मिशन रुग्णालये याच घराण्यातली. फक्त रस्ते लांबचे आणि माणसे कमी.

तिथला डॉक्टर कशाचा तज्ज्ञ असे, हा प्रश्नच गैरलागू होता. अडलेली बाळंतीण, पिळा पडलेला हर्निया, भाजलेले मूल, सर्पदंश, कुष्ठरोग, हिवताप, मोडलेले हाड, किडलेली दाढ, सगळे एकाच माणसाच्या हाती येई. भूल द्यायला शिकवून तयार केलेला सहायक असे. विजेचे जनित्र बंद पडले की तेही याच डॉक्टरने पाहायचे. सकाळ प्रार्थनेने सुरू होई, मग वॉर्डातली फेरी, मग बाह्यरुग्णांची रांग. रुग्णाबरोबर घरचे माणूस येई, ते आवारात चूल मांडून स्वयंपाक करी. डॉक्टर स्थानिक भाषा शिकलेला असला तरी जिल्ह्यात भाषा एक नसे, म्हणून ड्रेसर आणि परिचारिका दुभाष्याचे काम करीत.

या आयुष्याचे एक वैशिष्ट्य मात्र वेगळे काढून पाहण्यासारखे आहे. सरकारी डॉक्टरची काही वर्षांनी बदली होई. मिशनरी डॉक्टर एकाच टेकडीवर वीस-वीस, तीस-तीस वर्षे राहत असे. ज्या मुलाच्या जन्माला तो हजर होता, त्या मुलाच्या मुलालाही तो तपासत असे. कुठल्या खोऱ्यातून कुठला आजार येतो, कुठून कधीच येत नाही, हे त्याला अंगवळणी ठाऊक असे. पुढे जे घडले त्यात या मुक्कामाचा वाटा मोठा आहे.

मेंगोच्या वह्या

युगांडातली ही परंपरा १८९७ पासूनची. त्या वर्षी अल्बर्ट कुक हे तरुण इंग्रज डॉक्टर चर्च मिशनरी सोसायटीच्या तुकडीबरोबर आले. मोंबासाहून आत जाणारी रेल्वे अजून पुरी झालेली नव्हती, त्यामुळे बरेचसे अंतर पायी कापावे लागले. त्याच तुकडीत कॅथरिन टिम्पसन या परिचारिका होत्या. पुढे दोघांचे लग्न झाले. आजच्या कंपाला शहरातल्या एका टेकडीवर त्यांनी मेंगो रुग्णालय सुरू केले. १९०२ साली वीज पडून लागलेल्या आगीत त्याची इमारत जळाली. ती पुन्हा बांधली.

कुक यांची एक सवय होती. दाखल झालेल्या रुग्णाची हकिगत ते व्यवस्थित लिहून ठेवीत : नाव, गाव, लक्षणे, निदान, शस्त्रक्रिया, शेवट. या नोंदी बांधून ठेवल्या जात. त्या काळी त्यांचा उपयोग रुग्णालयापुरताच होता. पण साठ वर्षांनी मकरेरे वैद्यकीय महाविद्यालयातले विकृतिशास्त्रज्ञ जॅक डेव्हिस आणि त्यांचे सहकारी या वह्या उलगडून बसले आणि १८९७ ते १९५६ या काळात या समाजात कोणते कर्करोग होते याचा आढावा त्यांनी १९६४ साली छापला. लिखित आरोग्यनोंदी जिथे जवळपास नव्हत्याच, तिथल्या साठ वर्षांचा कर्करोगाचा इतिहास एका मिशन रुग्णालयाच्या कपाटातून निघाला.

त्या वह्यांत लहान मुलांच्या जबड्याच्या गाठीही होत्या. म्हणजे हा आजार नवा नव्हता. कुक यांनी तो पाहिला होता, लिहून ठेवला होता. मात्र सुट्या सुट्या रुग्णांच्या रूपात. त्या सुट्या पानांमधून एक आजार ओळखायला दुसऱ्या माणसाची वाट पाहावी लागली.

जबड्याची गाठ

तो माणूस म्हणजे डेनिस बर्किट. काटेकोर सांगायचे तर ते मिशनरी डॉक्टर नव्हते. वसाहतीच्या सरकारी सेवेतले शल्यचिकित्सक होते. परंतु वृत्तीने ते पूर्ण मिशनरी होते आणि मित्रही बहुतेक त्याच वर्तुळातले. जन्म १९११ चा, आयर्लंडमधल्या एनिस्किलन गावचा. अकराव्या वर्षी अपघाताने एक डोळा गेला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात अभियांत्रिकीसाठी नाव घातले होते. तिथे श्रद्धावान विद्यार्थ्यांच्या गटात आले आणि वैद्यकाकडे वळले.

त्यांच्या वडिलांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. जेम्स बर्किट हे पेशाने अभियंता, पण पक्षिनिरीक्षणात त्यांचे नाव आहे. घराभोवतीच्या रॉबिन पक्ष्यांच्या पायांत त्यांनी धातूची वेगवेगळी कडी घातली आणि कोणता पक्षी बागेचा कोणता तुकडा आपला मानतो याचा नकाशा काढला. त्यांना रंगांधळेपणा होता, म्हणून रंगीत कडी उपयोगाची नव्हती. मुलाने पुढे आजाराच्या बाबतीत जे केले, ते घरात पाहिलेलेच होते.

१९५७ साली कंपालाच्या मुलागो रुग्णालयात ह्यू ट्रॉवेल या सहकाऱ्याने बर्किट यांना एक मूल पाहायला बोलावले. जबड्याच्या दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, गाठी होत्या. दात सैल झाले होते. जंतुसंसर्ग चारही कोपऱ्यांत एकदम कसा होईल? गाठ असेल तर ती चार ठिकाणी कशी? बर्किट यांनी छायाचित्र काढून ठेवले. काही आठवड्यांनी ते जिंजा इथल्या रुग्णालयात गेले असता बाहेर हिरवळीवर आईजवळ बसलेले एक मूल दिसले. तसाच चेहरा. मग त्यांनी मुलागोच्या नोंदी उपसल्या. ज्या मुलांच्या जबड्यात गाठ, त्यांपैकी अनेकांच्या पोटातही गाठी होत्या. आजवर जबड्याची, डोळ्याची, मूत्रपिंडाची, बीजकोशाची म्हणून वेगवेगळी नोंदवलेली दुखणी एकाच आजाराची होती. १९५८ साली त्यांनी ते 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त मांडले. हा लसिकापेशींचा कर्करोग आहे हे पुढे विकृतिशास्त्रज्ञांनी दाखवले. माणसाला होणाऱ्या गाठींमध्ये ही सर्वांत वेगाने वाढणाऱ्यांपैकी. तिच्या पेशींची संख्या एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते.

हा आजार कुठे आहे आणि कुठे नाही, हा पुढचा प्रश्न होता. बर्किट यांनी मुलांची छायाचित्रे असलेले पत्रक छापले आणि आफ्रिकाभरच्या सरकारी व मिशन रुग्णालयांना हजारावर प्रती पाठवल्या. विचारले एवढेच : असे मूल तुमच्याकडे आले आहे का? येथे आजाराचे रूपच मदतीला आले. पोटातली गाठ सुसज्ज प्रयोगशाळेशिवाय ओळखता येत नाही. जबड्याच्या गाठीने विद्रूप झालेला चेहरा मात्र कोणी विसरत नाही. तो ओळखायला छायाचित्र पुरते.

दहा हजार मैल

आलेली उत्तरे नकाशावर मांडली तेव्हा विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना आफ्रिकेच्या आरपार एक पट्टा दिसू लागला. पूर्वेकडे या पट्ट्याला एक शेपूट होते, ते मोझांबिकच्या किनाऱ्याने दक्षिणेला उतरत होते. हे शेपूट नेमके कुठे संपते ते प्रत्यक्ष जाऊन पाहायचे बर्किट यांनी ठरवले.

ऑक्टोबर १९६१ मध्ये २५० पौंडांना घेतलेल्या जुन्या फोर्ड स्टेशन वॅगनमधून तिघे निघाले : बर्किट, कॅनडाचे क्लिफ नेल्सन आणि कुलुवाचे टेड विल्यम्स. दहा आठवड्यांत सुमारे दहा हजार मैल. केनिया, टांगानिका, न्यासालँड, ऱ्होडेशिया, मोझांबिक, दक्षिण आफ्रिका आणि परत. वाटेत पन्नासहून अधिक रुग्णालये. त्यांतली पुष्कळशी मिशनची.

भेटीचा साचा ठरलेला होता. डॉक्टरला छायाचित्रे दाखवायची आणि विचारायचे : तुम्ही इथे किती वर्षे आहात? असे मूल पाहिले आहे का? कुठल्या गावचे? मागची नोंदवही मिळेल का? यातला पहिला प्रश्न फार महत्त्वाचा होता. सहा महिन्यांपूर्वी आलेला डॉक्टर 'पाहिले नाही' म्हणाला तर त्या उत्तराला काही किंमत नाही. पंचवीस वर्षे राहिलेला म्हणाला, तर तो पुरावा आहे. विज्ञानात एखादी गोष्ट 'नाही' असे सांगणे हे 'आहे' असे सांगण्याहून अवघड असते. या प्रवासात 'नाही' म्हणण्याचा अधिकार मुक्कामाच्या वर्षांनी मिळत होता.

नकाशाचे वाचन

परतल्यावर चित्र स्पष्ट झाले. आजाराला वरची सीमा होती. विषुववृत्ताजवळ सुमारे पाच हजार फुटांच्या वर तो आढळत नव्हता. दक्षिणेकडे जावे तशी ही सीमा खाली उतरत होती. न्यासालँडच्या आसपास तीन हजार फूट, आणखी दक्षिणेला हजार फूट. बर्किट यांना वाटले होते की हा उंचीचा प्रश्न आहे. पण सीमा खाली का उतरते? विषुववृत्तापासून दूर गेले की तीच थंडी कमी उंचीवर भेटते, हे त्याचे उत्तर. म्हणजे प्रश्न तापमानाचा होता. वर्षातल्या थंड काळातही पारा सुमारे साडेपंधरा अंश सेल्सिअसच्या खाली जात नाही आणि पाऊस वर्षाला वीस इंचांहून अधिक पडतो, अशाच ठिकाणी हा आजार होता.

ऊब आणि ओल म्हटल्यावर डास आठवणारच. एंटेबेच्या विषाणू संशोधन संस्थेतले अलेक्झांडर हॅडो यांना हा नकाशा डासांनी पसरणाऱ्या आजारांच्या नकाशाशी जुळणारा वाटला. तेव्हा पहिली कल्पना अशी की डास एखादा विषाणू टोचत असावा आणि त्यातून कर्करोग होत असावा.

ही कल्पना अर्धी चुकली, अर्धी बरोबर निघाली. मार्च १९६१ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये बर्किट यांचे व्याख्यान झाले. श्रोत्यांत अँथनी एपस्टाइन हे विषाणुशास्त्रज्ञ होते. त्यांनी कंपालाहून विमानाने गाठींचे नमुने मागवायला सुरुवात केली. जवळजवळ तीन वर्षे हाती काही लागले नाही. डिसेंबर १९६३ मध्ये धुक्यामुळे एक विमान लंडनऐवजी मँचेस्टरला उतरले. नमुना उशिरा पोचला, तोवर बाटलीतला द्रव गढूळ झाला होता. जंतू शिरले म्हणून तो टाकूनच द्यायचा. पण पाहिले तर ती गाठीतून सुटून तरंगणाऱ्या जिवंत पेशींची गढूळता होती. त्या पेशी वाढवता आल्या आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत विषाणू दिसला. १९६४ साली एपस्टाइन, अचोंग आणि बार यांनी तो जाहीर केला. माणसातल्या कर्करोगाशी नाते सापडलेला हा पहिला विषाणू.

मात्र हा विषाणू डास नेत नाही. तो लाळेतून पसरतो. आणि जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो असतो. माझ्या आणि वाचकांच्याही, बहुधा. मग कर्करोग त्या पट्ट्यातल्याच मुलांना का? इथे डास पुन्हा येतो, पण हिवताप घेऊन. वर्षभर अखंड हिवताप सोसणाऱ्या मुलाच्या शरीरात प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींचे विभाजन सतत चालू राहते. त्यांतल्या काहींत हा विषाणू आधीच ठाण मांडून असतो. प्रतिपिंडांची घडण बदलण्यासाठी या पेशी आपल्याच गुणसूत्रांना काटछाट करतात. ते काम वारंवार झाले की कधीतरी चुकीच्या जागी टाका बसतो आणि पेशीची वाढ चालू करणारे जनुक बंदच होईनासे होते. आज आपण आजाराचे कारण असे समजतो. आपल्याकडे हा कर्करोग क्वचित आढळतो तो यामुळेच. विषाणू आपल्याकडेही आहे, पण बहुतेक भागांत तसा बारमाही, तीव्र हिवताप नाही.

कुलुवाची नोंद

हे सगळे जुळत असताना टेड विल्यम्स कुलुवात काय करीत होते? ते नोंदी ठेवत होते. त्यांचे भाऊ पीटर हेही तिथेच डॉक्टर होते. वेस्ट नाइल जिल्ह्यात या गाठीचे जे मूल सापडेल त्याचे घर नेमके कुठे आणि आजाराची सुरुवात नेमकी कधी, हे टेड यांनी शोधून ठेवले. वाचायला सोपे वाटते. ज्या भागात घराला क्रमांक नाही, रस्त्याला नाव नाही आणि आईला तारीख नव्हे तर पेरणी आठवते, तिथे ही दोन उत्तरे मिळवणे म्हणजे प्रत्येक मुलामागे वेगळा प्रवास.

या नोंदींवर पाइक यांनी एक साधी पण बुद्धिमान कसोटी लावली. सगळ्या रुग्णांच्या शक्य तेवढ्या जोड्या पाडायच्या. प्रत्येक जोडीत दोन घरांमधले अंतर किती आणि दोन आजारांच्या सुरुवातीत काळ किती गेला, हे मोजायचे. आजार योगायोगाने विखुरलेला असेल, तर जवळ राहणारी मुले जवळच्या काळात आजारी पडण्याचे विशेष कारण नाही. तशा जोड्या अपेक्षेहून जास्त निघाल्या, तर काहीतरी त्या भागातून, त्या काळात फिरून गेले आहे. १९६१ ते १९६५ च्या नोंदींत अशा जोड्या जास्त निघाल्या. मी मुळात पाहून थबकलो तो निबंध हाच. पुढच्या काही वर्षांत ही गुच्छांची खूण प्रत्येक वेळी तितकी ठळक राहिली नाही, आणि तेही विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी छापले.

याच जिल्ह्यात पुढे मोठा अभ्यास झाला. १९७० च्या दशकात फ्रान्समधल्या लिऑनच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने वेस्ट नाइलमधल्या सुमारे ४२,००० मुलांचे रक्त घेऊन गोठवून ठेवले आणि वाट पाहिली. त्यांतल्या मूठभर मुलांना पुढे हा कर्करोग झाला. त्यांचे जुने रक्त काढून तपासले, तर विषाणूविरोधी प्रतिपिंडे आजारापूर्वीच जास्त होती. अशा मुलांना धोका सुमारे तीस पट. हजारो मुलांतून पाच-दहा रुग्ण न चुकता हाती लागावेत यासाठी रुग्ण शोधण्याची आणि नोंदवण्याची घडी आधी बसलेली असावी लागते. वेस्ट नाइल निवडला गेला त्याचे एक कारण हे होते.

टांझानियातल्या शिराटी इथल्या मेनोनाइट मिशन रुग्णालयाच्या परिसरात उलट बाजूने प्रयोग झाला : मुलांना हिवतापाचे औषध देऊन कर्करोग कमी होतो का पाहायचे. आजार कमी झाला खरा, पण औषध सुरू होण्याआधीपासूनच तो उतरू लागला होता. नोंद आधीपासूनची होती म्हणूनच हे कळले; नाहीतर औषधाला श्रेय देऊन सगळे मोकळे झाले असते.

वहीत नसलेले

इथवर वाचून ही मिशनरी डॉक्टरांची आरती वाटू नये. वहीला मर्यादा असतात आणि त्या ज्याच्या त्याला दिसतातच असे नाही.

पहिली मर्यादा अंतराची. मॉरिस किंग यांनी १९६६ साली विकसनशील देशांतल्या वैद्यकीय सेवेवर एक ग्रंथ संपादित केला. त्याचे मूळ मकरेरेतल्या चर्चासत्रात आहे. त्यातले युगांडातल्या एका रुग्णालयाचे उदाहरण बोलके आहे. रुग्णालयापासून दर दोन मैल दूर गेले की माणशी भेटींची संख्या साधारण निम्मी होते. म्हणजे वही जिल्ह्याची नसते. ती जवळच्या गावांची असते. दूरचे मूल मेले तर त्याची ओळ लिहिली जात नाही.

बर्किट स्वतःही या खड्ड्याजवळून गेले. १९६६ साली इंग्लंडला परतल्यावर त्यांनी तीच पद्धत दुसऱ्या प्रश्नाला लावली. आफ्रिकेतल्या दीडशेच्या आसपास ग्रामीण रुग्णालयांना ते प्रश्नावल्या पाठवीत : अपेंडिक्स किती, पित्ताशयातले खडे किती, मोठ्या आतड्याचे फुगवटे किती? उत्तरे येत : जवळपास नाहीत. कोंड्यासकटच्या धान्याने हे आजार टळतात, असा त्यांचा निष्कर्ष जगभर पोचला. तंतुमय आहाराचे आज आपण जे कौतुक करतो त्यात त्यांचा मोठा हात आहे. पण जबड्याची गाठ आणि पित्ताशयातला खडा यांत फरक आहे. गाठ चेहऱ्यावर दिसते. खडा शोधावा लागतो. जिथे शोधण्याचे साधन नाही तिथल्या वहीतले शून्य हे आजाराचे असेल किंवा साधनाचे. एकच पद्धत एका ठिकाणी पक्की ठरते आणि दुसऱ्या ठिकाणी सैल.

दुसरी मर्यादा नावांची. आजाराला बर्किट यांचे नाव मिळाले. घरे शोधत हिंडणारे, आईशी तिच्या भाषेत बोलून महिना ठरवणारे आफ्रिकी ड्रेसर, परिचारिका, कारकून शोधनिबंधांच्या शीर्षकात सहसा नाहीत. आणि मुले तर क्रमांकच आहेत. त्यांना काय मिळाले, हा प्रश्न विचारायलाच हवा. याचे उत्तर कोरे नाही. कंपालात तेव्हा किरणोपचाराची सोय नव्हती, म्हणून बर्किट यांनी नव्याने आलेली कर्करोगविरोधी औषधे वापरून पाहिली. एक-दोन डोसांत गाठ वितळे. काही मुले आणखी डोस न घेता घरी जात आणि वर्षांनंतर धडधाकट भेटत. औषधांनी बरा होऊ शकणाऱ्या कर्करोगांच्या पहिल्या उदाहरणांत याची गणना होते, आणि १९६७ साली कंपालात सुरू झालेल्या उपचार केंद्रातून पुढे युगांडाची कर्करोग संस्था उभी राहिली. पण आजही वेळेवर रुग्णालय न गाठणारी मुले तिथे आहेत.

तिसरी गोष्ट धर्माची. ही माणसे सेवेसाठी आली तशीच धर्म सांगायलाही आली होती आणि ते त्यांनी लपवले नाही. वसाहतीच्या छत्राखाली आलेल्या या कामाकडे संशयाने पाहण्याचा हक्क तिथल्या लोकांना आहे, आपल्यालाही आहे. मला इतकेच दिसते की ज्या श्रद्धेने त्यांना तिथे धाडले, तिनेच त्यांना तिथे टिकवले. आणि जे ज्ञान निर्माण झाले ते टिकण्यातून.

वहीच्या भिंतीबाहेर जाण्याचा रस्ता आपल्या महाराष्ट्रात सापडला, हे सांगताना समाधान वाटते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेले दाम्पत्य नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करीत होते. तेच आजार घेऊन तीच माणसे परत येतात, हे त्यांच्या ध्यानात आले. १९७० साली ते जामखेडला गेले आणि गावातल्या बायांना आरोग्याचे शिक्षण देऊन काम उभे केले. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी रुग्णालयात येणाऱ्या स्त्रिया मोजण्याऐवजी दोन गावांतल्या स्त्रिया तपासल्या. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधानुसार ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि पूर्वी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. नुसती रुग्णालयाची वही उघडली असती तर हा आजार तिथे जवळजवळ नव्हताच.

माझी वही

आता ते राहिलेले कारण. पदवी मिळाल्यावर मी विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात वर्षभर होतो. सकाळी शंभर-सव्वाशे रुग्ण. नोंदवहीत 'निदान' असा रकाना होता. मी त्यात लिहीत असे : ताप. खोकला. अंगदुखी. काही मुले पुनःपुन्हा येत. हातपाय दुखतात, डोळे पिवळे, अशक्त. त्यांच्यापुढे मी 'सांधेदुखी, अशक्तपणा' लिहून गोळ्या दिल्या. सिकलसेलचा आजार विदर्भात आहे हे तेव्हाही छापून आलेले होते. ते मी वाचलेही होते. पण पुस्तकात वाचलेले आणि समोर बाकावर बसलेले यांची गाठ मी घातली नाही, आणि गावाचे नाव तर बहुतेक वेळा लिहिलेच नाही.

पुढे अनेक वर्षांनी एका सहकाऱ्याला त्या भागातली जुनी कुटुंबे शोधायची होती. माझे अक्षर त्याने ओळखले, वही माझ्यापुढे ठेवली आणि विचारले, 'यातली ही मुले कुठली?' मला सांगता आले नाही. दोन पानांवर एकच आडनाव तीनदा आले होते. तीन भावंडे असतील, चुलतभावंडे असतील, किंवा नुसते आडनावबंधू. माझ्या त्या ओळींवरून काहीच ठरत नव्हते. ती मुले आता असली तर साठीच्या जवळ आली असतील. सगळी असतील असे वाटत नाही.

म्हणून 'कुलुवा हॉस्पिटल, अरुआ' हा पत्ता वाचून मी थांबलो. टेड विल्यम्स यांच्याकडे माझ्याहून कमी रुग्ण होते असे नव्हे, आणि वेळ जास्त होता असेही नव्हे. प्रत्येक मुलापुढे त्यांनी गाव लिहिले आणि महिना लिहिला.

अधूनमधून ग्रामीण भागात निघालेले आंतरवासी डॉक्टर निरोप घ्यायला येतात. पूर्वी मी त्यांना औषधांविषयी सांगत असे. आता विचारतो, तिथल्या नोंदवहीत गावाचा रकाना आहे का? नसेल तर पट्टीने रेघ मारून करून घ्या. निदान कळले नाही तर खोटे लिहू नका. जे दिसले तेवढे लिहा आणि पुढे थोडी जागा सोडा. काही हसतात, काही खरेच वही बदलतात. गेल्या पावसाळ्यात एकीने तिच्या पानाचे छायाचित्र पाठवले. गावाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात सतरा गावे होती.